टोकन ज्याच्या हाती, तो आत!

८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा अंधेरीला प्लास्टिकचं टोकन मिळायचं. गेट काही नाव विचारायचं नाही. टोकन ज्याच्या हाती, तो आत!

आमच्या मेस-बुकिंगच्या एपीआयचंही तेच. लॉगिन झालं की सर्व्हर सही केलेलं टोकन देतो. पुढे प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ते दाखवायचं.

मी टोकन दिसणारा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. रूममेटनं माझी जेवणं रद्द केली. दोन दिवस वडापाववर काढले! सर्व्हरनं सही तपासली होती, ती खरीच होती. टोकन बनावट नाही एवढंच सही सांगते. आणणारा कोण, हे नाही.

म्हणून आता मुदत १५ मिनिटं, पाठवणं फक्त एचटीटीपीएसवरून, आणि आत पासवर्ड अजिबात नाही, कारण आमच्या टोकनमधला मजकूर कुणालाही वाचता येतो. तेव्हा दोस्तहो, टोकन जपा!