बाळ घरी आणायचे, पण कोणत्या वाटेने?

“एक बाळ आहे, घ्यायचे का? पण दोन दिवसांत काय ते सांगा.”

लग्नाला आठ-दहा वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की त्या घरी असा निरोप कधी ना कधी येतो. कधी दवाखान्यातल्या ओळखीच्या बाईकडून, कधी पाहुण्यांच्या पाहुण्यांकडून. सोबत हळूच एखादा आकडाही सांगितला जातो. आपण नवस-सायास करून, डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून थकलेले असतो. वाटते, देवानेच धाडले. वाचकहो, इथेच थांबा. बाळाला हात लावण्यापूर्वी हा लेख घरात दोघांनी मिळून वाचा.

असे हातोहात घेतलेले मूल कायद्याने तुमचे होत नाही. बालन्याय कायदा 2015 चा आहे. त्याप्रमाणे ठरलेली पद्धत सोडून मूल घेतले-दिले तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री झाली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि त्यात दवाखान्यातलाच माणूस सापडला तर त्याला तीन ते सात वर्षे. पण शिक्षेपेक्षा मोठी धास्ती वेगळीच आहे. पोर सहा वर्षांचे झाले, तुम्हाला आई-बाबा म्हणू लागले, शाळेत घालायची वेळ आली आणि जन्माचा दाखला कुठून आणायचा? कोणी दारात येऊन “माझे मूल द्या” म्हणाले तर कोणता कागद दाखवणार? आणि तुमच्या मागे वारसनोंदीच्या वेळी भावकीतल्या एकाने हरकत घेतली, तर त्या पोराच्या बाजूने काय उभे राहणार? मायेला कागद लागत नाही हे खरे. पण ते पोर आयुष्यभर तुमच्या मायेवर नाही, कागदावर उभे राहणार आहे.

दत्तक ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा मुलगा 1875 साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव गायकवाड. त्याच्या एकच वर्ष आधी, 1874 मध्ये, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या विधवेचे मूल आपले केले. बडोद्याला गादीसाठी वारस हवा होता. फुल्यांकडे गादी नव्हती, एका बाळाला घर हवे होते. तो यशवंत डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीने रोग्यांची सेवा करीत होता. दत्तकाचे हे दोन्ही प्रकार आजही आहेत आणि दोघांचे कायदे निराळे आहेत. गावात बहुतेक घोटाळा होतो तो इथेच.

पहिला प्रकार भावकीतला. दिराचे, बहिणीचे मूल मांडीवर घ्यायचे. हिंदूंसाठी (यात बौद्ध, जैन, शीखही आले) त्याला 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. मूल पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित हवे. मुलगा घ्यायचा तर घरात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. बाप मुलगी घेत असेल किंवा आई मुलगा, तर दोघांच्या वयात एकवीस वर्षांचे अंतर हवे. नवरा-बायकोची एकमेकांना संमती लागते. विधवा बाईलाही दत्तक घेता येते. देवाण-घेवाणीत पैसा चालत नाही. होम केला नाही म्हणून दत्तक अडत नाही, पण मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेले पाहिजे. आणि दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचे नोंदलेले पत्र असले की दत्तक खरे आहे असे कोर्ट धरून चालते. खोटे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे लागते. पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पवर लिहून पेटीत ठेवलेल्या कागदाला ही ताकद नाही. एकदा रीतसर झालेले दत्तक मग रुसवा-फुगवा झाला तरी रद्द करता येत नाही, हेही दोन्ही घरांनी आधीच समजून घ्यावे.

दुसरा प्रकार अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईने स्वाधीन केलेल्या मुलाचा. ही वाट सरकारमान्य दत्तक संस्थेतूनच जाते, आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहे. पंढरपुरात 1875 पासून अशा मुलांना आसरा मिळत आला आहे. सोडलेली पोरे सांभाळण्याचे काम आपल्या मातीत दीडशे वर्षे जुने आहे. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते संपून बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे जाहीर केले, की मगच ते कोणाला दिले जाते. म्हणजे उद्या कोणी दारात येण्याची भीती मुळातच काढून टाकलेली असते.

नोंदणी दिल्लीच्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर करायची. संगणकाला घाबरू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास खात्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथे मदत मिळते. जन्मतारखेचा पुरावा, लग्नाचा दाखला, पॅनकार्ड, रहिवासाचा पुरावा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दोघांचा फोटो हे सगळे जमवून ठेवा. उत्पन्नाचा पुरावा म्हटला की शेतकरी बिचकतो. आपल्याला पगारपत्रक नाही, पण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालतो.

लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत. वय दोघांचे मिळून धरतात. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे तर बेरीज 85 च्या आत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100, त्यापुढे 110. मूल आणि तुम्ही यांत किमान पंचवीस वर्षांचे अंतर हवे. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. घरात आधीच दोन मुले असतील तर फक्त विशेष गरजेची किंवा सहजी घर न मिळणारी मुलेच मिळतात.

मग संस्थेची कार्यकर्ती घर पाहायला येते. या भेटीची बायकांना फार धास्ती. घर शेणाने सारवलेले, पत्र्याचे छप्पर, गोठा दाराशी, आता काय म्हणतील! अहो, ती तुमची फरशी मोजायला येत नाही. तुमचे दोघांचे खरेच एकमत आहे का, सासूबाई त्या बाळाला मांडीवर घेतील का, घरात दारूचा त्रास आहे का, कर्ज किती, हे ती विचारते. मोकळेपणाने खरे सांगा. आणि सासूबाईंना त्या दिवशी शेतावर पाठवू नका. त्यांचे मनही तिला ऐकायचे असते.

खरी कसोटी पुढे आहे, वाट पाहण्याची. 2024-25 या वर्षात देशात 4,155 मुले देशातल्याच घरांत दत्तक गेली, आणि रांगेत उभी जोडपी त्याच्या कितीतरी पट. तान्ह्या, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागणे नवे नाही. क्रमांक नोंदणीपासून धरला जातो. म्हणून माझे सांगणे एवढेच, की उपचार चालू असले तरी चाळिशीची वाट न पाहता नोंदणीचा विचार करा. आणखी एक. मन धजत असेल तर पाच-सात वर्षांच्या मुलाचाही विचार करा. तिथे रांग छोटी आहे, आणि गायवासराला जीव लावणाऱ्या घरात अशी पोरे लवकर रुळतात असे मला वाटते.

पाळी आली की मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो. 48 तासांत होकार द्यावा लागतो. तो दिवस लग्नसराईत किंवा सुगीतही येऊ शकतो. फोन जवळ ठेवा. अहवाल आपल्या विश्वासाच्या डॉक्टरांना दाखवता येतो. पुढे संस्थेत जाऊन मूल पाहायचे, पटले की सही करून ते घरी आणायचे. अंतिम आदेश मागाहून होतो. 2022 च्या सप्टेंबरपासून हा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांना दिला गेला. मात्र 2023 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने न्यायालयातली प्रकरणे तिकडे पाठवण्यास अंतरिम स्थगिती दिली. त्यामुळे आपले प्रकरण कुठे चालेल ते संस्थेलाच विचारा. शुल्क नियमांत ठरलेले आहे, ते संस्थेकडे भरायचे आणि पावती घ्यायची. त्यावर कोणी ‘लवकर करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर त्याची तक्रार करा.

आदेश झाला की जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावे येतात आणि वारसाहक्क पोटच्या मुलासारखाच मिळतो. सातबाऱ्यावर हक्क नाही असे कोणी कुजबुजले तर त्याला आदेशाची प्रत दाखवा. दोन वर्षे दर सहा महिन्यांनी कार्यकर्ती येऊन विचारपूस करील, तेव्हा तिला चहा द्या आणि अडचण असेल ती सांगा.

राहिले पोराला सांगण्याचे. बरेच जण म्हणतात, कशाला सांगायचे? पण गावात काही लपत नाही. तुम्ही नाही सांगितले तर पाणवठ्यावर, नाहीतर शाळेत भांडणात कोणीतरी सांगेल, आणि ते सांगणे बोचरे असेल. तीन-चार वर्षांचे झाले की रात्री गोष्ट सांगता सांगताच सांगा, ‘आम्ही तुला आणायला किती लांब गेलो होतो, एसटीत तू माझ्या पदरात झोपली होतीस.’ पोर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा मागते.