सावेल्या : डहाणू-तलासरीचा दिवाळीचा फराळ

दिवाळी जवळ आली की तुमच्या-आमच्या घरांतून तळणीचा खमंग वास दरवळू लागतो. चकली म्हणू नका, करंजी म्हणू नका, शंकरपाळे म्हणू नका, सगळा कढईचा कारभार! परंतु मुंबईहून रेल्वेने अवघ्या सव्वाशे किलोमीटरवर डहाणू आहे, आणि त्याला लागूनच तलासरी. तेथल्या वारली पाड्यांवर दिवाळीचा मान तळणीला नाही, उकडीला आहे. वाघबारशीला वाघदेवाची पूजा झाली की तारपा घुमू लागतो आणि चुलीवर करांदे, कोनफळ, चवळीच्या शेंगा उकडतात. आणि त्यांच्याच पंक्तीला असतात सावेल्या : काकडीच्या किसात नव्या तांदळाचे पीठ कालवून, रानातल्या रुंद पानात गुंडाळून वाफवलेल्या.

पिठाचा उंडा पाण्यात किंवा वाफेवर शिजवावा ही युक्ती जगातल्या सगळ्याच गृहिणींना सुचलेली दिसते. दूरच्या हंगेरीत उकडलेल्या बटाट्याच्या पिठात अख्खे आलुबुखार भरून त्याचे उंडे पाण्यात उकळतात आणि लोण्यावर परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. आपल्याकडे नागपंचमीची दिंडे आहेत, वरणफळे आहेत, गणपतीचे मोदक आहेत, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आहेत. सावेली या पातोळीचीच धाकटी बहीण म्हणावी. मात्र पातोळीला नारळ-गुळाचे सारण लागते. सावेलीला तेही लागत नाही.

कृती अगदी सोपी आहे. शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस येणारी मोठी, जून काकडी घ्यावी. आधी तिचा देठाकडचा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर ती काकडी बाजूला ठेवावी. जून बिया काढून काकडी किसावी. दोन वाट्या किसाला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे झाकून ठेवावे. मिठामुळे काकडीला भरपूर पाणी सुटते. ते टाकून देऊ नये, सारी खुबी त्यातच आहे! त्या पाण्यात मावेल तेवढेच तांदळाचे पीठ घालावयाचे. साधारण दीड ते दोन वाट्या लागते. वरून पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा सैल, पण हाताने थापता येईल इतपत घट्ट असावे. घरातल्या मुलांना गोड हवे असेल तर अर्धी वाटी चिरलेला गूळ आधी किसात विरघळवून घ्यावा आणि मग पीठ घालावे.

शहरात रानातली पाने कोठून आणावी? हळदीचे पान मिळाले तर उत्तम, नाहीतर केळीचे पान विस्तवावर जरा शेकून मऊ करून घ्यावे. पानावर बोटभर जाडीचा थर थापून ते दुमडावे आणि मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. पान पिठाला पसरू देत नाही, वाफ कोंडून धरते आणि आपला वासही देते. साचा, भांडे आणि मसाला, तिन्ही कामे एकटे पानच करते. शिजलेली सावेली पानाला न चिकटता सुटून येते आणि पानाच्या शिरांची नक्षी तिच्यावर जशीच्या तशी उमटलेली असते.

कोणी म्हणेल, यात ना तूप, ना साखर. मग सणाचे ते काय? त्याचे उत्तर त्या नव्या तांदळात आहे. एके काळी या भागातला वारली सावकार-जमीनदारांकडून पावसाळ्यात खावटी, म्हणजे पोटापुरते धान्य, कर्जाऊ घेई. सुगी आली की खंड आणि खावटीची व्याजासकट फेड यांतच त्याचे भात निघून जाई. पिकवणाऱ्याच्या घरी नवा तांदूळ टिकतच नसे. वर वेठबिगार होतीच. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली एकत्र आले आणि यापुढे वेठ करणार नाही असे ठरवून उठले. त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. स्वतः पिकवलेले हळवे भात स्वतःच्या घरी कांडावे, आधी देवाला दाखवावे आणि मग पोरांच्या हाती सावेली द्यावी, ही गोष्ट त्या माणसांना फुकटात मिळालेली नाही.

आजही सगळे सुरळीत झाले आहे असे नाही. दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे पाड्यावरचे घर बंद करून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला जातात ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. कापणी आणि स्थलांतर यांच्या मधले हे चार दिवस तेवढे घरचे! काकडी परसातली, तांदूळ शेतातला, पान रानातले. यातले एक जरी नाहीसे झाले तरी सावेली उरणार नाही. कारण तिच्यात या तिघांखेरीज दुसरे काही नसतेच.

तेव्हा गृहिणींनो, यंदा डबे भरून झाले की एका सकाळी कढई खाली उतरवा आणि मोदकपात्र चढवा. सावेल्या गरम असतानाच पानासकट ताटात वाढा. पान मात्र ज्याचे त्याने उलगडावे. आणि हा पदार्थ कुठला असे पाहुण्यांनी विचारले तर नुसते ‘नवीन आहे’ म्हणू नका. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची दिवाळी आहे, असे सांगा.