अर्थशास्त्राची मोठी पदवी आणि अकरावीचा फॉर्म

सुताचा भाव किलोमागे पाच रुपयांनी चढला तर कापडाचा दर किती वाढेल, गिऱ्हाईक किती तुटेल आणि किती माग बंद राहतील? आम्ही व्यापारी याचे उत्तर गादीवर बसून अनुभवाने देतो. तेच उत्तर जुने आकडे तपासून, पुराव्यासह देण्याच्या विद्येला उपयोजित अर्थशास्त्र म्हणतात. बँका, सरकारी खाती, संशोधन संस्था आणि मोठ्या कंपन्यांना अशी माणसे लागतात.

या विषयातील एम.ए. किंवा एम.एस्सी. तीन वर्षांच्या पदवीनंतर साधारणपणे दोन वर्षांची असते. पदवी अर्थशास्त्राचीच हवी, असे सर्वत्र नाही; बी.कॉम. किंवा गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनाही काही संस्था घेतात. प्रत्येक संस्थेची अट वेगळी, म्हणून माहितीपत्रक आधी वाचावे.

पुढे प्रवेश परीक्षा. आय.आय.टी.च्या ‘जॅम’ परीक्षेत २०२० पासून अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, संख्याशास्त्र आणि गणित येते. प्रवेश मिळाल्यावरही संख्याशास्त्र आणि अर्थमिती सुटत नाही. अर्थमिती म्हणजे आकड्यांवरून कारण आणि परिणाम पारखणे; हे काम संगणकावर करावे लागते.

म्हणजे या वाटेवर पदोपदी गणित आहे. आणि आपल्याकडे नेमके तेच आधी सुटते. अकरावी कॉमर्सला गणित किंवा एस.पी. निवडायचे असते. एस.पी. सोपे, मार्क बरे पडतात, म्हणून आपण मुलांना, त्यातून मुलींना तर हटकून, तिकडे वळवतो. पाच वर्षांनी परीक्षेत कलन आणि मॅट्रिक्स समोर येतात, तेव्हा हुशार मूलही अडते. मग शिकता येत नाही असे नाही. पण मेहनत दुप्पट पडते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘जॅम’ची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो, त्यामुळे ही धास्ती आम्हाला ठाऊक आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासूनच विषयातले शब्द इंग्रजीत पाठ ठेवावेत. आकडे तर सर्व भाषांत सारखेच.

तेव्हा बंधूंनो, दहावीचा निकाल लागला की एक दिवस दुकान उशिरा उघडा. मुलासोबत, मुलीसोबत बसून फॉर्म भरा, आणि गणितापुढची खूण विचार करूनच सोडा.