घसाऱ्यावर उभ्या पवनचक्क्या

सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर आणि सांगली जिल्ह्यातल्या ढालगाव, गुढे-पाचगणी या भागांत शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. घाटमाथ्यावरचा वारा जून ते सप्टेंबर भरात असतो आणि तो काही पंचवीस वर्षांपूर्वी नव्याने सुटलेला नाही. तरीही इथली बहुतेक यंत्रे 1990च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या पंधरा-सोळा वर्षांतच उभी राहिली. त्याआधी पठार मोकळे होते आणि त्यानंतर नव्या उभारणीचा जोर ओसरला. हा चढउतार वाऱ्याच्या नोंदींतून उलगडत नाही, यंत्रशास्त्राच्या प्रगतीतूनही नाही. यंत्रे तर दरवर्षी सुधारतच होती. तो उलगडतो आयकर कायद्यातल्या घसाऱ्याच्या तरतुदीतून, वीज नियामक आयोगाच्या आदेशातून आणि दिल्लीत ठरलेल्या लिलावाच्या अटींतून. यंत्रे किती उभी राहिली एवढेच धोरणाने ठरवले असे नाही. ती कुठे उभी राहिली, कुणाच्या मालकीची झाली आणि पुढे त्यांचे काय होणार, हेही त्यानेच ठरवले.

सुरुवात घसाऱ्यापासून करायला हवी, कारण या पठारांचा खरा पाया तोच आहे. कारखान्यातले यंत्र दरवर्षी झिजते म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग नफ्यातून वजा करायला कायदा परवानगी देतो. पवनचक्कीसाठी ही वजावट आधी पहिल्याच वर्षी 100 टक्के होती, पुढे ती 80 टक्के झाली. समजा, एखाद्या नफ्यातल्या कंपनीने 5 कोटींची पवनचक्की घेतली, तर त्या वर्षीच्या करपात्र नफ्यातून 4 कोटी वजा होत आणि सव्वा कोटीहून अधिक कर तूर्त वाचे. कर माफ होत नसे, पुढे ढकलला जाई. पण ढकललेला कर म्हणजे बिनव्याजी भांडवलच. यंत्र वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरले तर वजावट निम्मी होई, म्हणून उभारणी सप्टेंबरअखेरीच्या आत उरकण्याकडे कल असे. सप्टेंबरअखेर म्हणजे घाटावरचा वारा पडण्याची वेळ. यंत्राने त्या वर्षी वीज फारशी केली नाही तरी कागदावर ते पुरते झिजलेले असे.

दुसरा आधार राज्याचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 24 नोव्हेंबर 2003 च्या आदेशात नव्या पवन प्रकल्पांसाठी युनिटला 3 रुपये 50 पैसे दर दिला. तेरा वर्षांच्या करारात तो दरवर्षी 15 पैशांनी वाढणार होता. काळ लक्षात घ्यायला हवा. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचे दीर्घ मुदतीचे महाग कंत्राट 2001 मध्ये कोसळले होते आणि लांबलचक वीज करार हा शब्दच मुंबईत कुणाला नको होता. त्याच राज्याने दोन वर्षांत वाऱ्याला चढत्या दराची तेरा वर्षांची हमी दिली. ती हमी नसती, तर डोंगरावरच्या यंत्रासाठी बँकेने कर्ज दिले नसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सवलत विजेवर नव्हती, यंत्राच्या खरेदीवर होती. त्यामुळे गिरणीवाले, सराफ, रसायनांचे कारखानदार अशा वीजधंद्याशी संबंध नसलेल्यांनी करासाठी एकेक-दोनदोन यंत्रे घेतली, मग वीज किती होते हे पाहायला कोण बसले होते? आक्षेप बराचसा खरा आहे. केंद्रालाही तो पटला होता, म्हणून डिसेंबर 2009 मध्ये प्रत्यक्ष वीजनिर्मितीवर युनिटला 50 पैसे देणारी योजना आली. पण पुढचा प्रसंग बोलका आहे. 2012 मध्ये वाढीव घसारा काढून घेतला आणि निर्मितीवरची योजनाही त्याच सुमारास संपली. 2011-12 मध्ये देशात सुमारे 3,200 मेगावॉट पवनक्षमता उभी राहिली होती, ती पुढच्या वर्षी 1,700 वर आली. 2014 च्या अर्थसंकल्पात घसारा परत आला, 2017 पासून तो 40 टक्क्यांवर बांधला गेला. सवलत वाईट होती असे म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे, की तिच्याशिवाय पहिली यंत्रे कोणी उभारली असती? माझे मत असे, की सवलतीपेक्षा तिची धरसोड अधिक महाग पडली. कारखाना, मालवाहतूक, क्रेन, प्रशिक्षित माणसे ही साखळी एका अर्थसंकल्पात तोडून दुसऱ्यात जोडता येत नाही.

मग आला लिलाव. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या पहिल्या पवन लिलावात दर 3 रुपये 46 पैशांवर आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात 2 रुपये 43 पैशांवर. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हे यशच. बाजाराने सवलतीची गरज संपवली, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. पण हा बाजार कोणी मांडला? आंतरराज्य वीजवहनाचे शुल्क माफ करणारा निर्णय सरकारचाच होता. कच्छमधली वीज महाराष्ट्राला वहनशुल्काविना मिळणार होती, मग साताऱ्याच्या अरुंद, खडकाळ सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, कोण गेले असते? इथल्या बहुतेक जागा आयोगाच्या वर्गवारीत सर्वांत कमी वाऱ्याच्या गटात येतात, जिथे यंत्र क्षमतेच्या साधारण 20 टक्केच वीज देते असे धरले जाते. मार्च 2017 मध्ये महाराष्ट्राची पवनक्षमता पावणेपाच हजार मेगावॉटच्या आसपास होती. सात वर्षांनी ती सव्वापाच हजारांच्या जवळ अडकली. गुजरात तेवढ्याच काळात पाच हजारांवरून साडेअकरा हजारांपुढे गेला. सौरऊर्जेचेही असेच आहे. ती आज स्वस्त आहे, कारण जर्मनीने 2000 मध्ये हमी दराचा कायदा केला आणि चीनने कारखाने पोसले. तंत्रज्ञान आपोआप स्वस्त होते हे म्हणणे त्या सगळ्या सरकारी पैशाला विसरते.

या सर्व व्यवहारात पठारावरची माणसे आणि पठार कुठे होते? 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत पवन प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अटच नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. हीसुद्धा एक सवलतच, फक्त ती अर्थसंकल्पात दिसत नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आणि त्यांच्या भक्ष्यातले सरडे जास्त, असे त्यात दिसले. हरितऊर्जेला नाक मुरडायला हा पुरावा वापरला जातो, ते मला मान्य नाही. कोळशाची हानी याहून कितीतरी मोठी आहे. पण विचारण्याची सोयच नसणे हा वाऱ्याचा दोष नव्हे, धोरणाचा आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त करता येतो.

दुरुस्ती शक्य आहे हे दाखवणारे उदाहरण सौरऊर्जेत आहे. शेतीला दिवसा वीज हवी ही जुनी राजकीय मागणी. तिच्यातून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख अशी तीन वर्षे मदत ठरली. पवनचक्कीच्या काळात असे काही नव्हते. तरी हेही सरळ नाही. प्रकल्प गायरानावर येतात, आणि जत, आटपाडी, माण या पट्ट्यात गायरान म्हणजे मेंढपाळाचे कुरण. भाडे ज्याच्या नावे सातबारा त्याला. मेंढ्या चारणाऱ्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते.

याच पट्ट्यात टेंभू, म्हैसाळ आणि ताकारी या उपसा योजना कृष्णेचे पाणी वर चढवतात. पंपांचे वीजबिल थकले की पाणी बंद, असे चक्र वर्षानुवर्षे चालले, मग बिलाचा 81 टक्के भार सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्याने उचलायचे सूत्र आले. आता म्हैसाळच्या पंपांसाठी 200 मेगावॉटचा सौरप्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर हाती घेतला आहे. आर्थिक हिशेब इथे सरळ आहे: सरकार नाहीतरी बिल भरतेच, मग स्वस्त विजेचे का भरू नये? 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाल्यावर हा हिशेब आणखी पक्का झाला. मोफत विजेवर टीका करणारे अर्थतज्ज्ञ चुकीचे नाहीत, पाण्याचा उपसा त्याने वाढतोच. पण सौरवाहिनीला राज्याच्या तिजोरीत आग्रही पाठीराखा मिळाला तो याच खर्चाच्या धाकाने.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे कराड-वाळवा-पलूसकडे, तीच धरसोड इथेनॉलच्या रूपाने दिसते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचे लक्ष्य 2030 वरून 2025 वर आणले, व्याजसवलतीवर कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या. आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. आठवडाभरात ती सैल करून 17 लाख टन साखरेची मर्यादा घातली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या हंगामासाठी बंधन उठवले. पाऊस कमी, निवडणूक जवळ, साखर महागण्याची भीती. सरकारची अडचण खोटी नव्हती. पण ज्या कारखान्याने कर्ज काढून रसाची टाकी बांधली, त्याने बँकेला हप्ता कोणत्या मनाईतून द्यायचा?

सर्वांत मोठी कसोटी मात्र अजून यायची आहे, आणि ती पुन्हा पठारावरच. वनकुसवड्याच्या जुन्या यंत्रांपैकी कित्येक 350 किलोवॉटची आहेत. आज एकच यंत्र 3 मेगावॉटचे मिळते. जुनी काढून थोडी, मोठी लावली तर कमी जागेत अधिक वीज होईल आणि सड्याचा काही भाग मोकळाही होऊ शकेल. केंद्राने 2016 मध्ये आणि नव्याने डिसेंबर 2023 मध्ये यासाठी धोरण आणले, पण काम पुढे सरकत नाही. कारण तांत्रिक नाही. घसाऱ्याने यंत्रे एकेकट्याला विकली, त्यामुळे एकाच रांगेतल्या दहा यंत्रांचे सात मालक असू शकतात. एकाची कंपनी बंद झालेली, दुसऱ्याचा तेरा वर्षांचा करार संपून दर खाली आलेला, तिसऱ्याला आता वजावट नको म्हणून रस नाही. मोठ्या यंत्राला अधिक अंतर लागते, म्हणजे सर्वांच्या जमिनी आणि वीजजोडण्या आधी एकत्र याव्यात. त्यातच कोयना अभयारण्य आणि चांदोली यांचा मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे काही पठारांवर वनखात्याचाही शब्द लागतो. मालकांना एकत्र आणणारी तरतूद, पंचायतीचा वाटा आणि जनसुनावणी या तीन गोष्टी नव्या धोरणात एकाच वेळी घालता येतात. त्यासाठी वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर कंपनी, महावितरण आणि केंद्राचे खाते यांच्या जोडीला ज्यांच्या गट नंबरवर ते खांब रोवले आहेत त्यांचीही खुर्ची असावी, असे आजच्या धोरणात कुठेही लिहिलेले नाही.