आधी नावं बघितली

टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावाची वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास, आणि तिथल्या काइल फील्ड या मैदानात बसायची सोय आहे १,०२,७३३ लोकांची. बसायची म्हणायचं एवढंच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे विद्यार्थी सामना संपेपर्यंत उभेच असतात. १९२२ च्या जानेवारीत डॅलसमधल्या एका सामन्यात त्यांच्या संघाचे खेळाडू एकामागून एक जखमी होत गेले. तेव्हा प्रेक्षकांतून ई. किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला खाली बोलावलं गेलं. तो गणवेश चढवून मैदानाच्या कडेला तयार राहिला. त्याला उतरावं लागलं नाही, पण गरज पडली तर आम्हीही आहोत, हे सांगायला तिथले विद्यार्थी आजही उभे राहतात.

ज्या गावात फुटबॉलचं असं नातं आहे, तिथे कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम तब्बल अकरा वर्षं बंद होता. ईए स्पोर्ट्सचा 'एनसीएए फुटबॉल १४' जुलै २०१३ मध्ये आला आणि मग सगळं थांबलं. 'कॉलेज फुटबॉल २५' बाजारात आला तो १९ जुलै २०२४ रोजी. शंभर डॉलरची महाग आवृत्ती घेणाऱ्यांना तो तीन दिवस आधी मिळाला. मी ह्यूस्टनहून कॉलेज स्टेशनला गेलो ते याचसाठी. तिथे आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब राहतं. काका एमएस करायला ए अँड एमला आले आणि तिथलेच झाले. मुलगा तेव्हा तिथेच दुसऱ्या वर्षाला. त्या संध्याकाळी त्याचे मित्र जमणार होते आणि नवा गेम हातात आल्यावर चाहते नेमकं काय करतात, हे मला जवळून बघायचं होतं.

पहिला तास कुणी खेळलंच नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गेम सुरू झाला, संघ निवडायचा पडदा आला, मुलांनी ए अँड एम निवडलं आणि सामना सुरू करून लगेच थांबवला. मग कॅमेरा फिरवत सगळे मैदान बघत बसले. गावाचा फोटो पेपरात छापून आला की माणूस बातमी नंतर वाचतो, आधी आपलं घर कुठं दिसतंय ते शोधतो; तसंच चाललं होतं. वरच्या मजल्याचा कठडा बरोबर आहे का, गडद लाल रंग आपलाच आहे की शेजारच्या कुठल्या संघाचा, बँड कुठं बसलाय. जुन्या गेममध्ये जुनं काइल फील्ड होतं. त्यानंतर पश्चिमेकडची बाजू डिसेंबर २०१४ मध्ये सुरुंग लावून पाडली आणि २०१५ मध्ये नवं मैदान उभं राहिलं. म्हणजे या मुलांनी लहानपणापासून प्रत्यक्षात एक मैदान पाहिलं आणि गेममध्ये दुसरंच. घरातला एक्सबॉक्स ३६० त्या एका डिस्कसाठी जपून ठेवलेला होता. अशा जुन्या डिस्क शंभर डॉलरच्या वर विकल्या जात होत्या, आणि चाहते दरवर्षी संघांच्या याद्या हाताने बदलून एकमेकांना देत होते. एखादा छंद अकरा वर्षं स्वतःच्या कष्टाने जिवंत ठेवायचा, याला मी नुसतं वेड म्हणणार नाही.

काका मागे उभे होते. ते म्हणाले, "आवाज कमी आहे रे. खरा आवाज छातीत बसतो." मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला. आतून काकूंनी विचारलं, "शेजारी काय म्हणतील?" शेजारीही ए अँड एमचेच, असं मुलाने सांगितल्यावर विषय संपला.

मैदान बघून झालं, आणि मग मुलांनी उघडली ती खेळाडूंची यादी. इथे सगळे जास्त वेळ थांबले. त्यांच्या शाळेतला, त्यांच्याहून दोन वर्षं पुढचा एक मुलगा दुसऱ्या एका कॉलेजच्या संघात होता. टीव्हीवर तो क्वचितच दिसायचा, राखीव फळीतला लाइनमन. यादी खाली सरकवत सरकवत ते त्याच्यापर्यंत पोचले. नाव, आडनाव, उंची, वजन, पाठीवरचा नंबर, सगळं बरोबर. लगेच फोटो काढून त्याला पाठवला. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं: वेग कमी दिलाय, मी यापेक्षा जोरात पळतो. मुलं हसली, पण नंतर एक जण म्हणाला ते माझ्या लक्षात राहिलं. तो म्हणाला, "पण नाव आहे ना."

नाव असण्याचं एवढं काय, हे कळायला २०१३ मध्ये जावं लागतं. त्या गेममध्ये ए अँड एमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, होता 'क्यूबी नंबर २'. आदल्या वर्षी कॉलेज फुटबॉलचा हाइसमन पुरस्कार जिंकलेला जॉनी मॅन्झिएल दोन नंबरच घालायचा, हे अमेरिकेत शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. खेळाडू हौशी आहेत, त्यांना पैसे घेता येत नाहीत, असा कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा तेव्हाचा नियम. म्हणून नाव द्यायचं नाही, पण नंबर, चण आणि कौशल्य द्यायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समालोचक जे बिलास याने लोकांना दाखवून दिलं की एनसीएएच्या वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळावर मॅन्झिएलचं नाव टाकून शोधलं की ए अँड एमचा दोन नंबरची जर्सी समोर येते. नाव विक्रीसाठी चालत होतं, ते ज्याचं होतं त्याला मात्र चालत नव्हतं.

यावरचा मोठा खटला २००९ मध्येच उभा राहिला होता. यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन याने एका परिचिताकडे व्हिडिओ गेममध्ये स्वतःला पाहिलं: त्याचीच चण, त्याचाच ३१ नंबर, त्याच्यासारखाच डावखुरा. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एक पैसा दिला नव्हता. त्याच वर्षी सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकनेही दावा लावला. पुढे ईए, तिची भागीदार परवाना कंपनी आणि एनसीएए यांनी मिळून खेळाडूंना ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ओ'बॅननच्या खटल्यात २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. पण तोवर ईएने गेम बंद केला होता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मोकळीक मिळाली, तेव्हा नव्या गेमचा रस्ता मोकळा झाला. त्यात १३४ संघ आणि ११ हजारांहून जास्त खरे खेळाडू. प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत.

पहिला सामना कुठला खेळायचा यावर वाद झालाच नाही. टेक्सास विरुद्ध ए अँड एम. ही शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा २०११ नंतर बंद पडली होती, कारण ए अँड एमने आपली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेज संघांची संघटना, बदलली. टेक्सास १ जुलै २०२४ ला त्याच संघटनेत आलं आणि सामना नोव्हेंबरात काइल फील्डवर ठरला. नोव्हेंबरपर्यंत थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. एका मित्राने टेक्सास घेतलं, कारण कुणीतरी घ्यायला हवं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. या फुटबॉलमध्ये हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी एक चाल निवडायची असते. गेममध्ये ती चाल जमिनीवर रेषांनी दिसते: हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, सरळ धावणार, तो डावीकडे वळणार. या रेषा बघून बटण दाबायचं. बटण टिचकीसारखं दाबलं तर पास उंच जातो, दाबून धरलं तर सरळ आणि जोरात.

टेक्सासवाल्याचा तिसरा प्रयत्न होता, नऊ यार्ड हवे होते. मैदानातला आवाज वाढला. पडदा थरथरायला लागला आणि हातातला कंट्रोलरही. जमिनीवरच्या रेषा, ज्या आतापर्यंत पट्टीने ओढल्यासारख्या होत्या, त्या वाकड्यातिकड्या झाल्या. रिसीव्हर कुठं वळणार हे त्याला वाचता येईना. त्याने घाईत पास टाकला आणि तो थेट ए अँड एमच्या बचावपटूच्या हातात गेला. सगळी खोली उठून उभी राहिली, मागचे काकाही. पाहुण्या क्वार्टरबॅकला परक्या मैदानात जे वाटतं, ते खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचवायची ही युक्ती मला या गेममधली सर्वांत हुशार गोष्ट वाटली. सर्वांत अवघड मैदानांची यादी कंपनीने आधीच जाहीर केली होती आणि तिच्यात काइल फील्ड पहिलं होतं. स्वतःच्या मैदानाचा अभिमान असलेल्या शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या चाहत्यांना ते पटलं नव्हतं, पण त्या घरात अर्थातच कुणाला शंका नव्हती.

दुसऱ्या सामन्यापासून तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या मी मन लावून ऐकल्या. मेनू रेंगाळतात. किक मारताना ताकद आणि नेम दोन्ही साधणं फार कठीण आहे. सोपी किक सलग हुकल्यावर एकाने कंट्रोलर सोफ्यावर टाकला. 'रोड टू ग्लोरी' या एकाच खेळाडूची कारकीर्द घडवायच्या प्रकारात जुन्या गेमसारखं शाळेपासून सुरू करता येत नाही. खरे प्रशिक्षक नाहीत. ए अँड एमला माइक एल्को प्रशिक्षक म्हणून आले होते, आणि गेममध्ये त्यांच्या जागी कुणीतरी अनोळखी. एकीकडे कौतुकही चालू होतं: मार लागत गेला की खेळाडूचा तोच भाग थकतो आणि त्याचा वेग उतरतो, हे सगळ्यांना आवडलं. ही टीका वरवरची नव्हती. जुन्या गेमची अकरा वर्षं पारायणं केलेली ही मुलं. कुठलं वळण आधी जमायचं आणि आता जमत नाही, हे त्यांची बोटंच सांगत होती. समीक्षा म्हणतात ती हीच, आणि छापून येणाऱ्या कितीतरी परीक्षणांपेक्षा ती मला नेमकी वाटली.

जेवणं झाल्यावर 'डायनॅस्टी' उघडली. यात आपण प्रशिक्षक. दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात आणि ते वापरून शाळकरी खेळाडूंची मनं वळवायची, शिवाय दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांवर डोळा ठेवायचा. तीस हंगाम खेळता येतात, आणि ३२ जण एकत्र. मुलांनी आपसात संघ वाटून घेतले आणि कुणी कुठला खेळाडू पळवायचा यावर जी घासाघीस चालली ती मी निघालो तरी संपली नव्हती. काकांनीही एक संघ मागून घेतला.

पुढे ३० नोव्हेंबरला खरा सामना झाला आणि टेक्सासने तो १७-७ असा जिंकला. गेमचं म्हणाल तर डॉलरच्या हिशेबात तो अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत जास्त विकला गेलेला क्रीडा गेम ठरला. जुलै २०२५ मध्ये 'कॉलेज फुटबॉल २६' आला. त्यात खरे प्रशिक्षक आले, शाळेपासून सुरुवात करायची सोय परत आली. खेळाडूंची रक्कमही ६०० वरून १,५०० डॉलर झाली.

ही रक्कम अजूनही फार कमी आहे. त्या घरातला पहिला तास मी पाहिला आहे. लोक आधी नावं शोधतात, मग खेळतात. ज्या वस्तूचा निम्मा जीव या नावांत आहे, तिच्या विक्रीत त्या मुलांचा ठरावीक टक्का असायला हवा, एकदाच हातावर ठेवलेली रक्कम नव्हे. मेनू रेंगाळतो म्हणून कंपनीला धारेवर धरणाऱ्या चाहत्यांनी हीही मागणी तितक्याच जोराने लावून धरावी.