कानांपलीकडचं शरीर

इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री गर्ट्रूड एडर्ले. लहानपणी गोवर झाला आणि तेव्हापासून तिचे कान अधू झाले. पोहत राहिलीस तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ती पोहत राहिली. ६ ऑगस्ट १९२६ रोजी विशीतल्या या अमेरिकन मुलीने साडेचौदा तासांत खाडी पार केली आणि पुरुषांचा तोवरचा विक्रम जवळजवळ दोन तासांनी मोडला. पुढे तिचं ऐकणं पार गेलं. मग ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन या कर्णबधिरांच्या शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवू लागली. तिची खाडी सगळे आठवतात. मला तिची ही शिकवणी जास्त मोलाची वाटते, कारण मीही तेच काम करते. सांगलीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कर्णबधिर मुलामुलींची पोहण्याची बॅच घेते.

या मुलांकडे सगळे पाहतात ते कानांकडे. ऐकू येत नाही हे कळलं की घर, दवाखाना, शाळा सगळं कानाभोवती फिरायला लागतं. ऑडिओग्राम, कानाच्या मापाचा मोल्ड, ऐकण्याच्या मशीनचे सेल, कोणाला कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया. त्यानंतर पाळी तोंडाची. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ‘प’ म्हणायचा, पट्टी हलली की शाबासकी. हे सगळं हवंच. लवकर मशीन आणि वाचोपचार मिळालेली मुलं किती पुढे जातात ते मी पाहते. पण या धावपळीत त्या पोराला खांदे आहेत, पाठ आहे, मांड्यांत ताकद आहे, याची दखल घ्यायला कोणाला उसंत नसते. हातांची तर आणखी वाईट गत. १८८० साली इटलीतल्या मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणांपेक्षा तोंडी भाषेला श्रेष्ठ ठरवलं. त्या ठरावाची सावली पुढे कित्येक दशकं जगभरच्या शाळांवर पडली. ‘हात खाली ठेव, तोंडाने बोल’ असं दटावून वाढवलेली माणसं मला आजही भेटतात.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली शरीराच्या मनातल्या प्रतिमेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की ही प्रतिमा केवळ आरशातून येत नाही. ती हालचालीतून, स्पर्शातून आणि इतरांच्या नजरांतून घडत जाते आणि आयुष्यभर बदलत राहते. कर्णबधिर मुलाला इतरांच्या नजरेत सतत काय दिसतं? कानावर खिळलेले डोळे. मग त्याच्याही मनात शरीराचं जे चित्र उमटतं त्यात कान मोठा, बिघडलेला, आणि बाकी सगळं अंग पुसट.

बॅचमध्ये आठवीतली एक मुलगी आली होती. केस सोडलेले, दोन्ही कान पूर्ण झाकलेले. टोपी घालायला ती तयार होईना, कारण टोपी घातली की केस वर जाणार, कान उघडे पडणार. आमच्या टँकवर एक रीत आहे. बाकावर एक मोठा डबा ठेवलेला असतो, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि प्रत्येकाच्या नावाचा छोटा कप्पा. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी आपापली मशीनं त्यात ठेवायची. कॉक्लिअर बसवलेल्यांनी बाहेरचा प्रोसेसर काढायचा. ती मुलगी काठावर बसून हे पाहत राहिली. मग तिनेही केस बांधले.

मैत्रिणी तिला बोलवायच्या ती खूण कानामागे बोट टेकवण्याची होती. कर्णबधिर मंडळींत प्रत्येकाला असं एक खूण-नाव मिळतं. बहुधा अंगावरच्या एखाद्या ठळक गोष्टीवरून. सुट्टी संपता संपता तिची खूण पोरींनी आपणहून बदलली होती. आता त्या खांद्यावर हात मारून तो गोल फिरवत, कारण बॅचमध्ये फ्रीस्टाइलचा हात तिच्याइतका लांब कोणाचा पडत नव्हता.

पाण्यात ऐकणाऱ्या माणसाचं काय होतं, तेही सांगायला हवं. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच क्षणी मिळतो, त्यामुळे कुठून आला ते मेंदूला उमगत नाही. बोलणं तर शक्यच नाही. माझी मुलं मात्र गॉगल लावून पाण्याखाली समोरासमोर बसतात आणि हातांनी गप्पा मारतात. शेजारच्या लेनमधली ऐकणारी मुलं डोकं बुडवून हे बघायला येतात, त्यातली काही खुणा शिकून घेतात. ज्या हातांना खाली राहायला सांगितलं गेलं, तेच हात इथे पुढे नेतात आणि बोलतातही. एखाद्या मुलाला आपल्या शरीराविषयी जे कळायला वर्षं लागतात, ते अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर मला दिसतं.

इथे एक गंभीर गोष्ट. तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच असतं. मेंदूज्वरामुळे किंवा काही जन्मजात आजारांमुळे बहिरेपण आलं असेल, तर तेही अनेकदा निकामी झालेलं असतं. अशी मुलं मान उशिरा सावरतात, उशिरा चालायला लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली पाचशेहून अधिक बधिर माणसांची माहिती जमवली. त्यातल्या बऱ्याच जणांना गोल फिरवलं तरी चक्कर येत नव्हती आणि काहींना पाण्यात डोकं गेलं की वर-खाली कळेनासं होत होतं. याच शरीराची गरज पुढे अंतराळ संशोधकांना पडली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासाने गॅलॉडेट कॉलेजमधल्या अकरा बधिर पुरुषांवर प्रयोग सुरू केले. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं मेंदूज्वराने गेलेलं होतं. खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं, तेव्हा संशोधक उलट्यांनी बेजार झाले आणि हे अकरा जण पत्ते खेळत राहिले. माणसाला अंतराळात पाठवण्याच्या तयारीत या शरीरांचा वाटा आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

पण टँकवर हाच गुण धोक्याचा ठरतो. तोलाचं इंद्रिय नसलेलं मूल वर कुठे आहे ते डोळ्यांनी ओळखतं. गढूळ विहिरीत, नदीच्या डोहात, अंधारात, डोळे मिटून मारलेल्या सुरात ते उलट दिशेला जाऊ शकतं. अशा मुलाला स्वच्छ पाणी, उघडे डोळे आणि हाताच्या अंतरावर माणूस हवाच.

एक आजी मला म्हणाल्या होत्या, “मॅडम, पोर बुडायला लागली तर ओरडायची पण नाही हो.” त्यांची भीती खरी होती. मी त्यांना सांगितलं की बुडणारं ऐकतं-बोलतं माणूससुद्धा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वासासाठी, हाकेसाठी दम उरत नाही. म्हणून राखणदाराची नजर पाण्यावर हवी. हाकेवर विसंबणारा राखणदार कोणत्याच मुलाच्या कामाचा नाही.

पोहायला लागलं की आत्मविश्वास आपोआप येतो, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. आपल्याकडे पोहणं शिकवायची पद्धत म्हणजे काठावरून ओरडणं. मग पाठीला डबा बांधून विहिरीत सोडणारे काका असोत की शिट्टी गळ्यात अडकवलेले कोच. एक मुलगा माझ्याकडे आला तो दुसऱ्या एका टँकवरून ‘याला समजत नाही’ असं म्हणून परत पाठवलेला. समजत त्याला सगळं होतं. मशीन काढलेली, तोंड पाण्यात, आणि सूचना मागून, ओरडून. आपलं अंग आपलं ऐकत नाही, एवढंच तो तिथे शिकला होता. तेच पाणी, पण त्यातून निघालेलं चित्र उलटं.

डोळ्यांनी शिकणाऱ्याला एका वेळी एकच करता येतं: पाहणं किंवा पोहणं. म्हणून मी आधी करून दाखवते, मग त्याला करू देते, मग थांबवून पुन्हा दाखवते. काठावर उभी न राहता मीच पाण्यात उतरते, ऊन माझ्या चेहऱ्यावर पडेल अशी, म्हणजे त्याचे डोळे दिपत नाहीत. गॉगल पारदर्शक, काळे नाहीत. थांबायची खूण ठरलेली, खांद्यावर थाप मारायची परवानगी आधी घेतलेली. सुरुवात ब्रेस्टस्ट्रोकने करते, कारण दर हाताला डोकं समोर वर येतं आणि मुलाला मी दिसते. बॅकस्ट्रोकला आभाळच दिसतं, तो नंतर.

टेरेन्स पार्किन या दक्षिण आफ्रिकेच्या बधिर जलतरणपटूने सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं ते २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्येच. सुटण्याचा इशारा त्याने दिव्यावर घेतला होता. त्या शर्यतीची फीत मी दर वर्षी दाखवते. बधिरांच्या स्वतःच्या स्पर्धा, म्हणजे डेफलिंपिक्स, १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाल्या आणि पोहणं त्यात पहिल्यापासून आहे. चांगल्या कानातही किमान ५५ डेसिबलची उणीव असेल तर भाग घेता येतो, आणि शर्यतीत मशीन कोणालाच लावता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत झालेल्या स्पर्धेत भारताला मिळालेली बहुतेक पदकं नेमबाजीतली होती. पाण्यातलं काम आपल्याकडे अजून व्हायचं आहे.

टँक चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: शिट्टीबरोबर एक दिवा लावा आणि तुमच्या एका तरी कोचला पंधरा-वीस खुणा शिकवा. आईवडिलांनी येत्या उन्हाळ्यात मुलाला नक्की आणावं. त्याआधी डॉक्टरांना कानाचा पडदा दाखवून घ्या, आणि मूल चालायला उशिरा लागलं असेल किंवा मेंदूज्वर होऊन गेला असेल, तर ते कोचला पहिल्याच दिवशी सांगा.