गृहकर्जातून मुदतीपूर्वी मुक्ती : हिशेब पैशाचा आणि संसाराचा

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातील गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी विदर्भभर ओळखले जाते. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली येथील कलमे दूरदूरच्या बागांत रुजली आहेत. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या वरूड-मोर्शी पट्ट्यात मातीची घरे जाऊन सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली, त्यांपैकी अनेकांच्या पायाखाली बँकेचे कर्ज आहे. शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक, दुकानदार आणि बागायतदार अशा सर्वच घरांत आता गृहकर्जाचा मासिक हप्ता ही किराणा व शाळेच्या शुल्काइतकीच नेहमीची बाब झाली आहे.

वीस वर्षांचे हे ओझे दहा-पंधरा वर्षांतच उतरवावे, अशी इच्छा प्रत्येक कर्जदाराच्या मनात असते. ती योग्यही आहे. परंतु कर्ज लवकर फेडण्याच्या ध्यासात घरातील माणसांचे दिवस रुक्ष होऊ नयेत आणि अडीअडचणीला हात रिकामे राहू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

गहाणाचा जुना इतिहास

वऱ्हाडाला गहाण हा शब्द नवा नाही. नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी हे शब्द येथील जुन्या पिढीला चांगलेच परिचित होते. कारण या कागदांनीच अनेकांच्या जमिनी सावकाराच्या घरात गेल्या. पश्चिम महाराष्ट्रात १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोष प्रामुख्याने सावकाराकडील कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३३ साली कर्जाच्या तडजोडीसाठी लवाद कायदा झाला. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव या कायद्याशी आदराने जोडले जाते. याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले संत गाडगेबाबा कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, असे गावोगावच्या कीर्तनांतून कळवळून सांगत असत.

राहत्या घरासाठी, परवडेल इतके आणि संस्थेकडून घेतलेले कर्ज हे त्या जुन्या कर्जाहून निराळे होय. त्यातून मालमत्ता निर्माण होते. तथापि व्याजाचा स्वभाव मात्र तोच राहतो. तो समजून घेणे ही ऋणमुक्तीची पहिली पायरी आहे.

हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती?

उदाहरणादाखल एका शिक्षक कुटुंबाने २० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने, ८.५ टक्के व्याजाने घेतले असे समजू. व्याजदर मध्यंतरी बदलला नाही असे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात जेमतेम ३,१९० रुपये जमा होतात. पहिल्या वर्षभरात २ लाख ८ हजार रुपये भरूनही मुद्दल केवळ ४० हजारांच्या आसपास कमी होते. पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यानंतरही सुमारे १७ लाख ६२ हजार रुपये शिल्लक राहतात. निम्मे मुद्दल फिटण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागतात. पूर्ण मुदतीत भरलेली रक्कम ४१ लाख ६५ हजारांवर जाते. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच अधिक.

संत्र्याची बाग लावल्यापासून पहिली काही वर्षे केवळ खर्च मागते आणि फळ नंतर देते. कर्जाच्या बाबतीत सुरुवातीची वर्षेच सर्वाधिक व्याज खातात. म्हणून जादा भरणा जितका लवकर, तितका त्याचा लाभ मोठा. वरील कर्जात तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस २ लाख रुपये जादा भरले व हप्ता पूर्ववत ठेवला, तर सुमारे ४२ हप्ते, म्हणजे साडेतीन वर्षे कमी होतात आणि व्याजाचे सुमारे ५ लाख २८ हजार रुपये वाचतात. तेच २ लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर सोळा-सतरा हप्ते कमी होऊन बचत सुमारे ८९ हजारांचीच होते.

हप्ता कमी की मुदत कमी?

जादा रक्कम भरताना हप्ता कमी करावयाचा की मुदत, याचा निर्णय कर्जदाराने करावयाचा असतो. तिसऱ्या वर्षी २ लाख भरून मुदत तीच ठेवली व हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता सुमारे १५,५०० रुपयांवर येतो. परंतु व्याजातील एकूण बचत १ लाख ७९ हजारांच्या जवळपास राहते. मुदत कमी केल्यास तीच बचत ५ लाखांवर जाते. म्हणून घरखर्चाची फारशी ओढाताण नसल्यास मुदत कमी करून घेणे हितावह ठरते. उत्पन्न घटले असेल किंवा मुलांच्या उच्च शिक्षणाचा काळ असेल, तर हप्ता कमी करणे शहाणपणाचे ठरते. रक्कम भरताना आपली निवड लेखी कळवावी आणि परतफेडीचे सुधारित वेळापत्रक मागून घ्यावे.

मोठी रक्कम हाती नसली तरी निराश होण्याचे कारण नाही. वर्षात बाराऐवजी तेरा हप्ते भरण्याचा परिपाठ ठेवला, तरी वरील कर्ज सुमारे सव्वातीन वर्षे आधी फिटते आणि चार लाखांहून अधिक व्याज वाचते. नोकरदारांना महागाई भत्त्याची थकबाकी आणि वार्षिक वेतनवाढ यांतून हा तेरावा हप्ता उभा करता येतो.

बहाराचा पैसा

बागायतदाराचे उत्पन्न दरमहा येत नाही. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळे पावसाळ्यानंतर निघतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो व फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत निघतात. बगीचा व्यापाऱ्यास विकला की रक्कम एकदम हाती येते. तीतून मुद्दलात काही भरणा करण्याची हीच संधी असते. मात्र धोकाही येथेच आहे. फळगळ, गारपीट, भावाची घसरण आणि भूजलाच्या अतिउपशामुळे आटणाऱ्या विहिरी यांनी पुढचा बहार हातचा जाऊ शकतो. सारा पैसा गृहकर्जात भरून मोकळा झालेला बागायतदार अशा वर्षी पाण्यासाठी वा औषधासाठी चढ्या व्याजाने पैसे उचलतो आणि कमी व्याजाचे कर्ज फेडून जास्त व्याजाचे कर्ज पदरात घेतो.

यासाठी काही क्रम पाळणे आवश्यक आहे. प्रथम, किमान सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते भागतील इतकी गंगाजळी सहज काढता येईल अशा खात्यात असावी. बागायतदाराने ती वर्षभराची ठेवावी. दुसरे, कर्त्या व्यक्तीचा पुरेसा आयुर्विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा असावा. तिसरे, अधिक व्याजाची देणी, उदाहरणार्थ हातउसने, सोनेतारण, पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, ही आधी फेडावीत. चौथे, पीककर्ज मुदतीतच भरावे. वेळेवर फेडणाऱ्यासच शासनाच्या व्याज सवलतीचा लाभ मिळतो, तो गमावून गृहकर्जात जादा भरणा करणे तोट्याचे होय. या चार गोष्टी साधल्यानंतर उरणारी रक्कम निःशंकपणे मुद्दलात भरावी. भविष्य निर्वाह निधी रिकामा करून कर्ज फेडणे मात्र टाळावे. वृद्धापकाळाची तरतूद पुन्हा उभी करणे कठीण असते.

प्राप्तिकराचाही विचार करावा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतच्या व्याजास वजावट मिळते; नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती मिळत नाही. साहजिकच नवी प्रणाली स्वीकारलेल्यांना मुदतपूर्व परतफेडीचा लाभ अधिक होतो. शासनाकडून घरबांधणी अग्रिम घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे गणित निराळे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अग्रिमावर सरळ व्याज आकारले जाते व आधी मुद्दल, नंतर व्याज अशी वसुली होते. असा अग्रिम आणि बँकेचे कर्ज दोन्ही असल्यास जादा रक्कम आधी बँकेकडे वळविणे साधारणपणे फायद्याचे असते.

संसाराचा वाटा

कर्जफेड ही एकट्या कर्त्या पुरुषाची प्रतिज्ञा न राहता सर्व कुटुंबाचा ठराव व्हावी. किती वर्षांत फेडावयाचे, कोणता खर्च लांबणीवर टाकावयाचा आणि कोणता मुळीच टाळावयाचा नाही, हे पतिपत्नींनी एकत्र बसून ठरवावे. जाणत्या मुलांनाही हिशेबाची वही दाखवावी. कारण न कळता केलेली काटकसर मुलांना कंजूषपणा वाटते, तर हेतू समजला की तीच शिस्त अंगवळणी पडते.

छंदाची गोष्टही अशीच आहे. खर्चाला कात्री लागली की पहिला घाव छंदावर पडतो. वास्तविक या भागातील अनेक आवडी अल्पखर्चाच्या आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने घरोघर पोचलेले खंजिरी भजन, सार्वजनिक वाचनालयातील ग्रंथ, व्यायामशाळा, परसातील रोपे, महाशिवरात्रीला सालबर्डीची यात्रा, उन्हाळ्यात चिखलदऱ्याची सहल यांसाठी फार पैसा लागत नाही. त्यासाठी वेळ मात्र लागतो. हप्ता वाढविण्यासाठी संध्याकाळच्या शिकवण्या आणि सुट्टीची कामे यांतच सारा वेळ घालविला, तर घर लवकर आपले होते, पण त्या घरात राहण्याची वर्षे निघून जातात. मुलांचे बालपण वीस वर्षांच्या मुदतीचे नसते आणि त्याची मुदत वाढवूनही मिळत नाही.

झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही; परंतु ताण प्रमाणाबाहेर गेला तर झाडच वाळते, हे बागायतदार जाणतो. जादा मिळकतीचा निम्मा भाग कर्जात, एक चतुर्थांश गंगाजळीत आणि एक चतुर्थांश कुटुंबाच्या आनंदासाठी, असा एखादा सुटसुटीत नियम प्रत्येक घराला आपल्या ऐपतीप्रमाणे आखता येईल. अशा विभागणीत फारसे नुकसानही नाही. वरील उदाहरणात तिसऱ्या वर्षी २ लाखांऐवजी १ लाखच भरले, तरी सुमारे २२ हप्ते कमी होतात आणि व्याजाचे सुमारे २ लाख ९० हजार रुपये वाचतात. म्हणजे निम्म्या रकमेत निम्म्याहून अधिक लाभ पदरी पडतो.

कर्जदाराचे हक्क

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० नुसार कर्जाची मुदत भरल्यानंतर रक्कम देऊन गहाण सोडविण्याचा हक्क कर्जदारास आहे. मुदतीपूर्वी फेडण्याचा प्रश्न मात्र कराराच्या शर्तींवर अवलंबून असे आणि त्यासाठी दंड आकारला जाई. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असा आकार घेण्यास बँकांना मनाई केली. जुलै २०२५ च्या निदेशांनुसार, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या, व्यवसायेतर प्रयोजनाच्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा आकार घेता येत नाही. भरणा अंशतः असो वा पूर्ण, रक्कम कोठूनही आणलेली असो. स्थिर व्याजदराच्या कर्जांत आणि पतसंस्थांच्या बाबतीत मात्र करारपत्र नीट वाचून घ्यावे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नये. सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि मालमत्तेवरील नोंदविलेला बोजा काढणे कर्जदात्या संस्थेवर बंधनकारक आहे. संस्थेमुळे विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई देय होते. बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे आणि मिळालेले दस्तऐवज यादीप्रमाणे तपासावेत. सातबाराच्या ‘इतर हक्क’ स्तंभात किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा नोंदलेला असल्यास तो कमी झाल्याची खात्री करून घ्यावी. ही नोंद राहून गेल्यास पुढे वारसांना त्रास होतो.

विनापरवाना सावकारीच्या व्यवहारात कोणाची स्थावर मालमत्ता अडकली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते, ही माहितीही गावपातळीवर पोचणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी व्याजाचे हे गणित वर्गात उदाहरणादाखल सोडवून घ्यावे आणि पंचायत सदस्यांनी बचतगटांच्या व ग्रामसभांच्या बैठकींत त्याची चर्चा घडवून आणावी. हिशेब समजलेला कर्जदार हप्त्याला भीत नाही आणि मोहालाही बळी पडत नाही. गहाणातून सुटलेले घर ही कुटुंबाची मोठी कमाई होय. ते सोडविताना घरातील माणसांचे स्वास्थ्य, परस्परांसाठीचा वेळ आणि संध्याकाळचे भजनही शाबूत राहिले, तरच त्या कमाईचा उपभोग साऱ्या कुटुंबाला घेता येईल.